ओळख पटली नाही

भादव्यातलं ऊन मला आवडत नाही. पाऊस धड गेलेला नसतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधेच हे पिवळट, चिकट ऊन न बोलावलेल्या पाहुण्यासारखं अंगणात येऊन बसतं. बाजरीची कणसं भरत आलेली असतात. टोमॅटोचे प्लॉट उतरणीला लागलेले असतात, बांधावर टाकलेला डागी माल उन्हात आंबतो आणि सगळ्या शिवारात एक गोडसर कुजका वास सुटतो. त्याच सुमाराला पितृपक्ष लागतो. निमगाव सावात घरोघर खिरीच्या आणि आमसुलाच्या चटणीच्या गोष्टी सुरू होतात, आणि मी खिडकी लावून घेते.

पितरं वाईट नसतात, वर्षातून एकदा जेवायला येतात बिचारी, असं माहेरी, अवसरीला, माझी आई सांगायची. पटतं मला ते. या पंधरवड्यात नवी वस्तू घेऊ नये, नवं काम काढू नये, एवढं पथ्य पाळलं की झालं. पण वीसेक वर्षांपूर्वीचा एक पंधरवडा माझ्या अंगातून अजून उतरलेला नाही. यंदा ऊन पुन्हा तसंच पडलं आणि तो सगळा हंगाम आठवायला लागला. सलग नाही आठवत. एखादा वास येतो, एखादा आवाज येतो, आणि मी हातातलं काम तसंच धरून उभी राहते.

त्या वर्षी चिकनगुनिया होता. घरटी एक तरी माणूस खाटेवर. बरी झालेली माणसंसुद्धा गुडघे धरून, कमरेत वाकून चालायची. सकाळी दूध घालायला निघालेली रांग बघितली की अख्खा गाव एका रात्रीत म्हातारा झालाय असं वाटायचं. उसात बिबट्या होता, म्हणून दिवस मावळायच्या आत शेरडं-करडं आत आणि दारं बंद. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, तेही पडले होते. गाव त्यांना मास्तर म्हणतो, मीही लग्नानंतर चार दिवसांत तेच उचललं. एरवी ज्यांच्या आवाजाने वर्ग गप्प व्हायचा ते मास्तर पाण्याचा तांब्या दोन हातांनी धरायचे आणि तरी सांडायचे.

आणि त्याच दिवसांत माझा धाकटा दीर दिनकर बेपत्ता झाला.

दिनकरभावजी जुन्नरच्या रशीदभाईंच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. नारायणगावातून टोमॅटो भरायचे आणि गुजरातेत उतरवायचे. त्या खेपेला माल उतरला, परतीला गाडी हायवेवरच्या एका ढाब्यावर थांबली, भावजी हातपाय धुवायला म्हणून मागे गेले, ते आलेच नाहीत. दोन दिवस गाडी तिथंच उभी. रशीदभाई स्वतः जाऊन गाडी घेऊन आले. आमच्या ओट्यावर ते बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "वहिनी, गाडी मिळाली. किल्ली तशीच लटकत व्हती. मानूस तेवढा न्हाई." एवढा दांडगा माणूस, पण आमच्या सुनंदाकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. पदराला चार वर्षांची सायली. आमच्या घरात आम्ही दोघी जावा भांडायचो नाही याचं गावाला फार आश्चर्य वाटायचं. भांडायला वेळ कुणाला होता! रशीदभाई गेल्यावर ती न रडता चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "येतील. कुटं जात्यात!" पुढचे आठ दिवस ती हेच म्हणत होती, फक्त रोज आवाज थोडा बारीक होत होता.

आता माझ्या कॉम्प्युटरचं सांगायला हवं, कारण त्या पंधरवड्याचा सगळा भार शेवटी त्याच्यावर येऊन पडला.

मी मंचरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि घरात गावाचं टायपिंग करायची: अर्ज, लग्नपत्रिका, दूध डेअरीच्या नोटिसा. गावात फिरणाऱ्या पेन ड्राइव्हमधून इतके व्हायरस यायचे की मशीन महिन्यातून दोनदा झोपायचं. मग पुण्याच्या मंदार नावाच्या मुलाने मला विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी दिली. मंदार आणि त्याचे मित्र रिकाम्या वेळात ती प्रणाली मराठीत आणत होते, फुकट, हौसेने. मलाही त्यांनी ओळी वाटून दिल्या होत्या. कॉम्प्युटर माणसाला जे जे बोलतो ते मराठीत लिहायचं. इंटरनेट जोडताना नाव आणि पासवर्ड जुळला नाही की एक इंग्रजी ओळ येते. मंदारच्या गटात कुणी तिला 'प्रमाणीकरण अयशस्वी' असं केलं होतं. मी म्हटलं, अरे, हे आमच्या सुनंदाला कळणार आहे का? आणि मी लिहिलं, 'ओळख पटली नाही'. सगळ्यांना आवडलं. ती ओळ पुण्या-मुंबईच्या मशीनवर दिसते याचा मला इतका अभिमान होता की मी ती मास्तरांना दोनदा दाखवली होती.

इंटरनेट म्हणजे काय, तर एक मोबाइल आणि त्याची डेटा केबल. लँडलाइन आषाढातच मुकी झाली होती. मोबाइल केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, खिडकीच्या गजाला टेकवून ठेवायचा, तिथंच रेंज यायची. नावाच्या जागी मोबाइलचा दहा आकडी नंबर टाकायचा, पासवर्डही तोच नंबर. मग मशीन डायल करायचं आणि मेल उघडायची. मुंगीच्या चालीने, पण उघडायची.

नवव्या दिवशी गुजरातेतल्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी सभ्यपणे बोलत होता. कालव्यात एक इसम मिळाला आहे. खिशात भिजलेली चिठ्ठी, तिच्यावर हा नंबर. येऊन ओळख पटवा. मास्तरांना दारापर्यंत चालता येत नव्हतं. मी तसं सांगितलं, तर तो म्हणाला, ईमेल असेल तर फोटो पाठवतो, बघून कळवा. तीन दिवसांच्या पुढे ठेवता येत नाही. काय ठेवता येत नाही ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी पत्ता सांगितला. सुनंदा दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, नारायणगावला सायबर कॅफेत जाऊन बघून येऊ. तिने मान हलवली. "दुकानात नको, अक्का. धा पोरं मागं येऊन हुबी ऱ्हात्याल. जे काय आसंल ते घरात बगायचं." बरोबर होतं तिचं. मी लगेच मशीनपाशी बसले.

मशीनची आधीच एक भानगड झाली होती. आदल्या आठवड्यात वीज अशी झटका देऊन गेली की आतलं सगळं पुसलं गेलं, आणि मी सीडीवरून पुन्हा सगळं भरलं होतं. इंटरनेटचं नावही नव्याने टाकलं होतं, पासवर्डही. आता केबल जोडली, बटण दाबलं. डायल झालं. पलीकडे उचललं गेलं. आणि पडद्यावर आलं:

ओळख पटली नाही.

माझंच वाक्य. मी निवडलेले शब्द, मला आवडलेले शब्द. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. त्या दिवशी मी ते वाक्य किती वेळा वाचलं याची गणती नाही. सुनंदा पलीकडे तांदूळ निवडत होती. तिला पडद्यावरचं वाचता येत होतं. मी खुर्ची सरकवून आडवी बसले.

खरं सांगते, त्या वाक्याने मला भीती वाटली तसाच थोडा दिलासाही वाटला. जोवर हे जोडलं जात नाही तोवर भावजी कुठंतरी आहेत. कुठल्यातरी गावात, कुणाच्यातरी गोठ्यात ताप अंगावर घेऊन पडलेत. फोटो माझ्या मेलमध्ये येऊन बसला होता, मला माहीत होतं. दारावर कुणी तरी उभं आहे आणि कडी निघत नाही, आणि कडी निघत नाही ते बरंच आहे, असे ते दोन दिवस गेले.

पण सुनंदा विचारायची. दर तासाला. "झालं का वो, अक्का?"

केबल खराब असेल म्हणून नवी आणायचं मी ठरवलं. मास्तर खाटेवरून म्हणाले, "पंधरवड्यात नवी वस्तू घरात नको. या वेळेला तर नकोच." एरवी मी त्यांना उलट बोलले असते, त्या वेळेला नाही बोलले. मग कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, खाली डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण दाबा. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे ते बटणच नाही, लिनक्स आहे. ती म्हणाली, मॅडम, मग आधी स्टार्ट बटण बसवून घ्या. त्या घरात त्या आठवड्यात मी एकदाच हसले, ते तेव्हा, आणि हसल्याची मला लाज वाटली.

शेवटी केबल काढून त्याच मोबाइलवरून मंदारला फोन लावला. कशासाठी हवंय ते सांगितलं. तो डॉक्टरसारखा एकेक विचारत गेला. डायल होतंय ना? होतंय. पलीकडून उत्तर येतंय? येतंय. म्हणजे केबल चांगली आहे, मोबाइल चांगला आहे, फक्त दारावर अडवलं जातंय. मशीन एक रोजनिशी लिहीत असतं, ती उघडा, म्हणाला. "ताई, ओळख दाखवायच्या दोन पद्धती असतात. एकीत आपलं गुपित सरळ सांगून टाकायचं. दुसरीत गुपित तोंडातून काढायचंच नाही; समोरचा काहीतरी विचारतो आणि आपण असं उत्तर द्यायचं की त्याला कळावं, हिला माहीत आहे. तुमची कंपनी कुठली मागतेय ते बघू." सासरी नांदलेल्या बाईला दुसरी पद्धत शिकवावी लागत नाही. दोन्ही पद्धतींच्या फायलींत मी नाव आणि पासवर्ड लिहून ठेवला. पुन्हा तेच वाक्य. रोजनिशीत माझ्या नंबराच्या जागी तिरप्या रेघा आणि भलतेच आकडे दिसत होते. मला वाटलं, गुपित झाकायला असंच लिहीत असतील, म्हणून मंदारला ते सांगितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला वीज जाणार होती. साडेदहा वाजले असतील. मी पुन्हा एकदा त्या चौकटीत नंबर तपासत होते. नऊ, तीन, दोन... सगळे बरोबर. सुनंदा येऊन मागे उभी राहिली होती. तिने मोबाइल उचलला, बटणांकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"अक्का, फोनवरचा नऊ निराळा हाय."

"निराळा म्हणजे?"

"ह्यो विंग्रजी नऊ. तुमी मराठी नऊ लिवलाय."

मी बघितलं. चौकटीत ९ होता. तीन दिवस मी तो बघत होते आणि माझ्या डोळ्यांना तो नऊच दिसत होता, कारण तो नऊच होता. डेअरीची नोटीस टाइप करून कीबोर्ड मी मराठीवरच ठेवला होता, आणि तसाच सगळा नंबर भरला होता. पासवर्डला तर नुसते ठिपके दिसतात, तिथं कळायचा प्रश्नच नाही. फायलींतही तेच, आणि रोजनिशीतल्या त्या तिरप्या रेघा म्हणजे हेच मराठी आकडे. आपण लहानपणापासून दोन नऊ शिकतो आणि दोन्ही खरे मानतो. पलीकडच्या यंत्राला एकच माहीत होता. मी मराठीची एवढी हौस करणारी बाई, आणि मराठी आकड्यांनीच मला अडवलं होतं.

नंतर कितीदा तरी मनात आलं की सुनंदा गप्प राहिली असती तर वीज गेली असती, मुदत संपली असती आणि आम्ही सुटलो असतो. ती गप्प राहिली नाही. तिला ते बघायचं होतं की फक्त चूक दिसली म्हणून ती बोलून गेली, हे मी तिला कधी विचारलं नाही.

कीबोर्ड इंग्रजीवर घेतला. दहा आकडे, पुन्हा दहा ठिपके. बटण दाबलं. जोडणी झाली.

मेल उघडली. फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच्या तसा, अवजड. वरून एकेक रेघ उतरायला लागली. आधी करडी जमीन. मग ओले केस. सुनंदा माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी होती, तिची बोटं माझ्या खांद्याला लागत होती. बाहेर कुणाच्या तरी श्राद्धाचा घास ठेवला होता, कावळ्यांचा गलका चालला होता.

"आलं का?"

"कपाळ आलंय."

"यिऊ द्या."

पाण्यात राहिलेल्या माणसाचा चेहरा हा चेहरा राहत नाही. कपाळ, डोळे, गाल, काहीच कुणाचं वाटत नव्हतं. हनुवटीपर्यंत आलं तेव्हा मला खरंच वाटलं की नाही, हे आपले नाहीत. मग कॉलर आली. मग पांढरा शर्ट, आणि त्याचं वरचं बटण. ते हिरव्या दोऱ्याने शिवलेलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी ते तुटलं, घरात पांढरा दोरा सापडेना, आणि सुनंदाने ओट्यावर बसून, भावजींना शर्ट काढू न देता, हिरव्या दोऱ्याने शिवून दाताने दोरा तोडला होता. मी ताक घुसळत बघत होते.

माझा श्वास अडकला. मी काही बोलले नाही.

"आलं का समदं?" सुनंदाने विचारलं.

"आलं."

मग ती म्हणाली, "हे न्हाईत."

"सुनंदा, नीट बघ."

"बगितलं. हे आपलं न्हाईत, अक्का. दुसरंच कुनीतरी हाय. लिवा तसं."

आतून मास्तरांनी हाक मारली, "काय झालं?" आणि सुनंदानेच मोठ्याने उत्तर दिलं, "न्हाईत वो मास्तर, दुसरंच कुनी हाय!" मास्तर आत लहान पोरासारखे रडायला लागले, सुटल्याचं रडणं. सायली त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. मी हिंदीत दोन ओळी लिहिल्या. फोटो देखा. हमारा आदमी नहीं है. पाठवायचं बटण मी दाबलं, हे लक्षात ठेवायला हवं. तिने दाबलं नाही.

अकराला वीज गेली.

चार दिवसांनी रशीदभाई आले. मी त्यांनाही 'नाही' म्हटलं. ते म्हणाले, "अल्लाची मेहेरबानी, वहिनी." मला त्या माणसाच्या डोळ्यांत बघवेना. त्यानंतर मी मंदारला फोन करून सांगितलं की ती माझी ओळ काढून टाका, तुमची 'प्रमाणीकरण अयशस्वी'च ठेवा. तो म्हणाला, ताई, तुमची जास्त चांगली आहे. मी म्हटलं, म्हणूनच काढा.

एका परक्या गावात, परक्या माणसांनी भावजींना अग्नी दिला असेल. दिला असेल ना? रात्र-रात्र नाही, भर दुपारी भाकरी थापताना मला हे आठवायचं आणि हात थांबायचा. तो फोटो आणखी किती घरांत गेला असेल, किती बायकांनी तो बघितला असेल, याचाही विचार यायचा. सुनंदा खोटं बोलली याबद्दल मला शंका नव्हती. जिला नवाचा फरक एका नजरेत कळला तिला स्वतःच्या हातचा दोरा कळला नसेल? तिने ठरवलं होतं, आणि मी तिच्या ठरवण्यावर सही केली होती. मास्तरांना मी कधी सांगितलं नाही. दारात गाडी थांबली की ते मान वर करायचे.

सुनंदाने कुंकू लावणं सोडलं नाही. गावाने आधी कुजबुज केली, मग सवय करून घेतली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, वटपौर्णिमेला ती आमच्यासोबत वडाला जायची. दर सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्या दिवशी, ती माझ्या बरोबरीने स्वयंपाक करायची, सासू-सासऱ्यांची पानं वाढायची, आणि मी तिच्या हातांकडे बघत राहायची. हात कधी चुकले नाहीत. एवढ्या वर्षांत आम्ही त्या फोटोबद्दल एक शब्द बोललो नाही. मला तिचा राग यायचा कधीकधी. तिच्यामुळे एक प्रेत माझ्या जिवावर येऊन बसलं होतं आणि ती मात्र बांगड्या भरून घेत होती, असं वाटायचं. फार वाईट वाटायचं मग.

गेल्या वैशाखात सायलीचं लग्न झालं. सुनंदा हिरवी साडी नेसून मांडवात उभी होती.

यंदाच्या सर्वपित्रीला सकाळी ती माझ्या खोलीत आली. न्हालेली, केस ओले. कपाळ मोकळं होतं. मला वाटलं कुंकू लावायचं राहिलं असेल, घाईत असेल.

"पोरीचं समदं नीट झालं, अक्का," ती म्हणाली. "तिच्या लग्नात मला कुनी मागं हो म्हनलं न्हाई. तेवढ्यासाटीच व्हतं. आता काय ऱ्हायलं न्हाई."

मी खाटेवर बसूनच राहिले.

"त्यो फोटो हाय का तुमच्यापाशी?"

ते जुनं मशीन कधीच भंगारात गेलं. पण मेल होती. मी ती कधी पुसली नव्हती, आणि कधी उघडलीही नव्हती. "आहे," मी म्हटलं. "पण तू बघितला आहेस, सुनंदा. आता पुन्हा कशाला?"

"म्या कुटं बगितला! तवा डोळं मिटून हुबी व्हते मी. तुमचा श्वास अडकला तवा कळलं मला." ती माझ्या शेजारी येऊन बसली. "तुमी बोलला न्हाईत, म्हनून मी न्हाई म्हनले. आता दावा."

मी मोबाइल घेतला. जुनी मेल शोधली, फोटोवर बोट ठेवलं. आता रेघ-रेघ काही उतरली नाही, क्षणात सगळा उघडला. सुनंदाने मोबाइल दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, जिथं करायचा तिथं बरोबर. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि मास्तर बाहेरून विचारत होते की पानं किती मांडायची.

"हेच," ती म्हणाली. मोबाइल माझ्या हातात दिला, पदराने तोंड पुसलं आणि मास्तरांना सांगायला बाहेर गेली.